सोडलेल्या अन्नाचा शोक : शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथाचा विचार

प्रस्तावना

मराठीत अन्नाविषयी लिहिण्याच्या दोन वाटा दीर्घकाळ एकमेकींना न भेटता चालत आलेल्या दिसतात. पहिली वाट पाकसिद्धीची. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याचे प्रमाण मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात रूढ केले, तर दुर्गा भागवत यांच्या ‘खमंग’मध्ये पाककृतीला संस्कृतीच्या अभ्यासकाची दृष्टी लाभली. या वाटेवर अन्न असते, भूक नसते. दुसरी वाट दलित आत्मकथनांची. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या ग्रंथांत भूक पानोपानी आहे. ‘अक्करमाशी’तील संतामाय शेणातून वेचलेले ज्वारीचे दाणे धुऊन, दळून त्यांची भाकरी करते. हा प्रसंग एकदा वाचलेला वाचक विसरू शकत नाही. परंतु या वाटेवर भूक इतकी मोठी आहे, की अन्नाच्या चवीला तेथे बोलण्यास अवसर मिळत नाही. भुकेलेल्या माणसालाही जीभ असते, त्याच्या घरातही कोणाच्या हाताला चव असते व कोणाच्या नसते, ही गोष्ट आत्मकथनांच्या समीक्षेत क्वचितच आली.

शाहू पाटोळे यांचा ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हा ग्रंथ २०१५ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील जनशक्ती वाचक चळवळीने प्रसिद्ध केला. लेखक धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील खामसवाडीचे असून त्यांनी भारतीय माहिती सेवेत नोकरी केली. मराठवाड्यातील महार व मांग या दोन जातींच्या घरात काय शिजत होते, कसे शिजत होते आणि का शिजत होते, याची ही नोंद आहे. वर सांगितलेल्या दोन्ही वाटा या ग्रंथात प्रथमच ठळकपणे एकत्र येतात. यात पाककृती आहेत, आठवणी आहेत, धर्मग्रंथांशी वाद आहे आणि गावगाड्याचे समाजशास्त्रही आहे. प्रस्तुत लेखात या सर्वांचा परामर्श घेण्याचा हेतू नाही. एकच प्रश्न येथे विचारात घेतला आहे : जे अन्न सोडून देणे हाच स्वाभिमानाचा मार्ग होता, त्या अन्नाच्या जाण्याबद्दल लेखकाने शोक कसा करावा?

शीर्षकातील ‘अ’

जेवणापूर्वी म्हणावयाच्या श्लोकातून ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ ही कल्पना घरोघर पोहोचली. तिचे मूळ तैत्तिरीय उपनिषदातील भृगुवल्लीपर्यंत नेता येते, जेथे अन्नालाच ब्रह्म म्हटले आहे. पाटोळे त्यात एक ‘अ’ घालतात. हा केवळ उपरोध नाही. सर्व अन्न ब्रह्म असेल तर मेलेल्या बैलाचे मांसही ब्रह्म ठरावयास हवे. ते तसे ठरत नाही, याचाच अर्थ ब्रह्माची ही व्याप्ती कोठेतरी थांबते. ती नेमकी वेशीपाशी थांबते, हे दाखविण्यासाठी हा ‘अ’ आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. शिळे, उष्टे व अपवित्र अन्न तेथे तामस लोकांना प्रिय असल्याचे म्हटले आहे. येथे ‘प्रिय’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्यांना गावाने शिळेच वाढले, त्यांना ते प्रिय होते असे मानणे म्हणजे सक्तीला स्वभाव ठरविणे होय. पाटोळे यांचा धर्मग्रंथांशी चाललेला वाद या मुद्द्याभोवती फिरतो.

अर्थात ग्रंथाचा हा भाग सर्वांत प्रभावी आहे असे म्हणता येणार नाही. संतसाहित्य व धर्मशास्त्र यांची झडती घेताना लेखक वादपटू होतो, आणि वादपटू लेखकाला प्रतिपक्ष नेहमी समोर उभा लागतो. तोच लेखक चुलीपाशी येऊन बसला, की प्रतिपक्षाची गरज उरत नाही. ग्रंथाचे खरे सामर्थ्य तेथे आहे.

जुगुप्सा आणि रुची

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाची संकल्पना समजावून देताना जेवणाचा दृष्टान्त घेतला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न सुमनस पुरुष जसे आस्वादतात, तसे प्रेक्षक स्थायिभावांचा आस्वाद घेतात, असा त्याचा आशय आहे. काव्यशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांना हा दृष्टान्त पाठ असतो. परंतु त्या पानावर कोणाचे जेवण वाढलेले आहे, हा प्रश्न सहसा वर्गात विचारला जात नाही. आस्वाद घेणारा सुमनस कोण, हे ठरले की आस्वाद्य काय आणि जुगुप्सेचा विषय काय, हेही ठरून जाते.

दलित साहित्याच्या प्रारंभीच्या काळात त्यावर बीभत्सतेचा आक्षेप घेतला गेला. आत्मकथनकारांनी तो आक्षेप एका अर्थाने अंगावर घेतला. वाचकाला किळस यावी, किळसेतून त्याला अपराध जाणवावा, अशी त्या लेखनाची एक रीत होती आणि ती न्याय्य होती. ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ही रीत नाकारतो. चान्या हे याचे चांगले उदाहरण आहे. जनावर मेले की त्याचे सर्व मांस एकदम संपत नसे. मग त्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर उन्हात वाळत घालीत. या वाळलेल्या चान्या गाडग्या-मडक्यांत साठवून ठेवीत आणि पावसाळ्यात, हाताला काम नसे तेव्हा, विस्तवावर भाजून किंवा कालवण करून खात. चरबी वितळवून ठेवीत, कारण तेल विकत आणण्याची ऐपत नसे. पाटोळे हे सांगतात ते दुःख म्हणून नव्हे, तर कृती म्हणून. पट्टी किती जाड असावी, ऊन किती लागावे, कोणता भाग कशाला चांगला, याला तेथे महत्त्व आहे. जुगुप्सेची अपेक्षा ठेवून आलेल्या वाचकासमोर रुची ठेवली जाते, आणि तो गोंधळतो. हा गोंधळ घडविणे हे ग्रंथाचे वाङ्मयीन यश आहे.

सोडणे, सुटणे आणि सोडवणे

या ग्रंथातील हानीचे स्वरूप एकच एक नाही, हे ध्यानात न घेतल्यास तो स्मरणरंजनाचा ग्रंथ वाटण्याचा धोका आहे.

एक हानी जाणीवपूर्वक पत्करलेली आहे. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे आवाहन केले. त्या आवाहनामागील अर्थ केवळ आरोग्याचा वा आचाराचा नव्हता. मृत जनावर ओढणे, त्याचे कातडे काढणे, त्याचे मांस वाटून घेणे आणि त्या बदल्यात गावाच्या दारात उभे राहणे ही एकच साखळी होती, आणि ताटातील घास हा तिचा शेवटचा दुवा होता. घास नाकारला की साखळी तुटण्यास प्रारंभ होणार होता. पुढे ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा शोध घेताना गोमांसभक्षणाचा प्रश्न मध्यवर्ती ठेवला. अन्नाकडे इतिहासाचा पुरावा म्हणून पाहण्याची ही दृष्टी पाटोळे यांच्या पाठीशी उभी आहे, हे उघड आहे. महारवाड्यांनी ते अन्न सोडले. किती घरांनी किती वर्षांनी सोडले, याचा हिशेब वेगळा. पण ज्यांनी सोडले त्यांनी उपाशी राहण्याची तयारी ठेवून सोडले. त्या सोडण्यात प्रतिष्ठा होती.

दुसरी हानी आपोआप घडत गेलेली आहे. बलुते संपले, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने गेली, शिक्षण, नोकरी व शहर आले. गहू-तांदूळ रेशनच्या दुकानातून घरात आला. रानातील भाज्या ओळखणारी पिढी मागे पडली. हे अन्न कोणी सोडले नाही, ते सुटले.

तिसऱ्या हानीला कायद्याचा हात लागला आहे. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्र प्राणी संरक्षण (सुधारणा) विधेयकास राष्ट्रपतींची संमती मिळाली. गायीच्या कत्तलीवर आधीच असलेली बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी कत्तलबंदी वैध ठरविली. परंतु राज्याबाहेरून आणलेले असे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारी तरतूद रद्द केली. येथे एक भेद नीट करावयास हवा, कारण चर्चेत तो वारंवार पुसला जातो. महाडला सोडावयास सांगितले गेले ते मेलेल्या जनावराचे, गावाने अंगावर टाकलेले मांस. २०१५ मध्ये बंदी आली ती खाटकाकडून पैसे देऊन घेतलेल्या मांसावर. पहिले सोडणे हा खाणाऱ्याचा स्वतःचा निर्णय होता. दुसऱ्या वेळी निर्णय इतरांनी त्याच्याकरिता घेतला. दोन्हींचा परिणाम ताटात सारखा दिसेल. त्यांचा अर्थ मात्र अगदी उलटा आहे.

पाटोळे यांच्यासमोर खरी अडचण आहे ती पहिल्या हानीची. दुसऱ्या हानीबद्दल हळहळ व्यक्त करता येते, तिसऱ्या हानीबद्दल संताप व्यक्त करता येतो. पहिलीबद्दल काय करावे? ते अन्न परत यावे असे म्हणणे म्हणजे महाडकडे पाठ फिरविणे. ते कधी नव्हतेच असे वागणे म्हणजे आई-आजीच्या कौशल्यावर बोळा फिरविणे. मराठीतील बहुतेक अन्नस्मरणे ‘आता ती चव राहिली नाही’ या एका सुरावर चालतात. त्या सुरात गेलेली वस्तू निर्विवाद चांगली असते. येथे गेलेली वस्तू जावी अशीच होती, आणि तरीही ती गेल्याने काही गेले आहे. रसचर्चेच्या भाषेत सांगावयाचे तर शोक हा करुणाचा स्थायिभाव. पण या ग्रंथात शोक आहे आणि करुण नाही. लेखक आपल्या लोकांबद्दल दया निर्माण होऊ देत नाही. तो केवळ पाककृती लिहितो.

‘साहित्य’ आणि ‘कृती’

राजशेखराने ‘काव्यमीमांसा’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या परिसरातील वाङ्मयीन समारंभांत या कथेचा उल्लेख अगत्याने होतो. याच मराठी भाषेत पाककृतीच्या पुस्तकात ‘साहित्य’ या शब्दाखाली पीठ, मीठ, तिखट यांची यादी येते, आणि त्यानंतर ‘कृती’. दोन अर्थांचा हा योगायोग पाटोळे यांचा ग्रंथ वाचताना पुन:पुन्हा आठवतो, कारण येथे साहित्य जवळजवळ नसते आणि कृतीला फार काही करावे लागते.

‘रुचिरा’सारख्या पुस्तकातील पाककृती गृहीत धरते की फडताळात जिन्नस आहेत; प्रश्न फक्त प्रमाणाचा आहे. पाटोळे यांच्या पाककृतीत तेल-तुपाचा, दुधाचा वावर जवळपास नाही. मीठ, मिरची, येसूर आणि हाती जे लागले ते. येसूर हा धान्य, डाळी व मसाला भाजून दळलेला मराठवाड्यातील मसाला. तो कालवणाला दाटपणा देतो, म्हणजे थोड्यात अनेकांचे भागवितो. मापांचा आग्रह फारसा नाही, कारण माप हे साठ्यावर अवलंबून असते आणि साठा नव्हता. रक्ताची रक्ती, आतडी, जीभ, वजडी अशा भागांच्या कृतींत स्वच्छ करण्यावर जो भर येतो, तो वाचनीय आहे. ‘अस्वच्छ’ म्हणून हिणविल्या गेलेल्या घरात स्वयंपाकाचा सर्वांत मोठा वेळ धुण्यात जात होता, ही गोष्ट लेखक विधान म्हणून सांगण्याऐवजी पायरी म्हणून लिहितो. पाककृतीचे व्याकरण विध्यर्थाचे वा रीतिवाचक भूतकाळाचे असते. ‘धुवावे’, ‘कापावे’, ‘वाळत घालीत’, ‘पुरवीत’. या क्रियापदांतून नकळत माणसे उभी राहतात. कोण धूत होते? कोणाच्या वाट्याला काय येत होते? कोणासाठी पुरवीत? पाककृतीला कथानक नसते हा समज येथे टिकत नाही. एका जनावराच्या मरणापासून चार महिन्यांनी भाजलेल्या शेवटच्या चान्यापर्यंत जे घडते त्याला आरंभ, मध्य व शेवट आहे.

वाट्याची उतरंड

या कथानकातील सर्वांत अवघड जागा म्हणजे वाटा. गावात मेलेल्या जनावरावर कोणाचा हक्क, कोणता भाग कोणाचा, महारांचा किती आणि मांगांचा किती, हे ठरलेले असे. लेखक स्वतः मांग समाजातील असल्याने त्याला ही उतरंड खालच्या पायरीवरून दिसते. ‘दलित’ हा शब्द दोन्ही जातींना एका छत्राखाली आणतो. जेवणाच्या पंगतीत मात्र ते छत्र मिटलेले असे. कोणी कोणाच्या हातचे खावे, कोणी कोणाला वाढावे याचे नियम गावकुसाबाहेरही होते. पाटोळे हे झाकत नाहीत. दलित समाजाच्या एकतेची आज असलेली गरज पाहता असे लिहिणे गैरसोयीचे आहे, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे.

या ठिकाणी एक उणीव नोंदविणे आवश्यक वाटते. ज्या हातांनी हे अन्न शिजविले ते बहुतांशी स्त्रियांचे हात होते. पुरुष-निवेदक त्या अन्नाची आठवण ठेवतो ती मुख्यत: खाणाऱ्याच्या बाजूने. चुलीच्या आतील बाजू पाहावयाची तर ‘जिणं आमुचं’ उघडावे लागते. बेबीताई कांबळे यांच्या लेखनात भल्या पहाटे उठवून भाकऱ्या थापावयास बसविलेली कोवळी सून आहे. तिची भाकरी बिघडली की सासूच्या तोंडी तिची साऱ्या महारवाड्यात अब्रू निघते. त्याच ग्रंथात आषाढातील सणासुदीचे, सारवलेल्या घरांचे व गोडधोडाचे दिवसही आहेत, आणि बाळंतिणीची भूकही आहे. भाकरी तेथे अन्न आहे आणि शिक्षाही आहे. ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ (२००९) हे पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले संकलन याच कारणाने पाटोळे यांच्या ग्रंथाशेजारी ठेवावयास हवे. दलित स्त्रियांच्या अन्नविषयक आठवणींना त्यात अग्रस्थान आहे.

हानी आणि निर्मिती यांचा संबंध ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) वेगळ्या रीतीने येतो. आई बांबूची आयदाने विणीत असे. आपले लेखन हे त्याच विणीचे आहे, असे लेखिका मानते. लहानपणी वडिलांचा मृत्यू आणि पुढे तरुण मुलाचा मृत्यू या दोन टोकांमध्ये ते आत्मकथन ताणलेले आहे. आईच्या हातातील पाती थांबत नाही, म्हणून लेखणी थांबत नाही, असे नाते तेथे आहे. पाटोळे यांच्याकडे विणीऐवजी चूल आहे. मात्र विणलेले आयदान राहते आणि शिजविलेले अन्न राहत नाही. कारागिरीच्या वस्तू संग्रहालयात ठेवता येतात. रक्तीचे कालवण ठेवता येत नाही. ते केवळ सांगता येते. अन्नाची स्मृती कथेखेरीज दुसऱ्या कोणत्याही भांड्यात टिकत नाही, हे या ग्रंथाच्या निर्मितीमागील मूळ कारण असावे.

पैनगंगेच्या अलीकडे

ग्रंथ मराठवाड्याचा आहे. परंतु मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या मधून वाहणारी पैनगंगा स्वयंपाकघरे वेगळी करू शकत नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिणेला हिंगोली आहे. या जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे जैनांचे तीर्थक्षेत्र म्हणून देशभर ओळखले जाते. आहारातील कठोर संयमासाठी प्रसिद्ध असलेल्या धर्माचे हे क्षेत्र. त्याच शिरपुरात नामदेव कांबळे यांचा जन्म झाला. मातंग स्त्रीच्या जीवनसंघर्षावरील त्यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. एका गावात दोन आहारविश्वे शेजारी शेजारी नांदत होती. एकाची माहिती फलकांवर आहे, दुसऱ्याची कादंबरीत शोधावी लागते.

जिल्ह्यातील बंजारा तांड्यांबाबतही हेच आढळते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या भक्तांचा मेळा भरतो, आणि भोगाची लापशी सर्वांना परिचित असते. तांड्यावर बकऱ्याचे रक्त व आतील भाग घालून केली जाणारी सळोई मात्र बाहेरच्यांना सहसा सांगितली जात नाही. मराठवाड्यातील रक्ती आणि तांड्यावरील सळोई यांचे नाते कोणी अभ्यासिले तर जातींच्या सीमा ओलांडणारा एक पाकेतिहास हाती येऊ शकेल. पाटोळे यांनी दोन जातींपुरते जे केले, ते तांड्यांसाठी, पारध्यांसाठी, खाटीक-मुलाण्यांसाठी होणे बाकी आहे.

वऱ्हाडातील हानीचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात जातीपेक्षा बाजार बलवान ठरला. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिक लेकरांच्या भाकरीसाठी झिजते. त्या भाकरीचे पीठ ज्वारीचे आहे, हे सांगावेही लागत नाही. आज वाशीमच्या शिवारात खरिपात नजर पोहोचेल तेथवर सोयाबीन दिसते. ज्वारी कोपऱ्यात गेली. तिच्याबरोबर कण्या गेल्या, आंबील गेली, जनावरांचा कडबा गेला. सोयाबीन हे असे पीक आहे, की ते पिकविणाऱ्याच्या चुलीवर क्वचितच चढते. ते तेलगिरणीला जाते आणि पाकिटबंद तेल होऊन परत येते. अडचणीच्या दिवसांत गरिबाच्या ताटात येणारी तरोट्याची भाजी तणनाशकाच्या फवाऱ्याने बांधावरूनही हटली. या हानीला अपमानाचा इतिहास नाही, म्हणून तिच्यावर गहिवरून लिहिणे सोपे आहे आणि तसे पुष्कळ लिहिले जाते. शहरातील हॉटेलात ‘गावरान’ थाळी मिळते, तीत झुणका आणि ठेचा असतो. चान्या नसतात. कोणती गरिबी विकता येते आणि कोणती नाही, याचा निवाडा त्या थाळीनेच केलेला आहे.

भाषांतर आणि वर्ग

भूषण कोरगांवकर यांनी केलेले या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर २०२४ मध्ये हार्पर कॉलिन्सने ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने प्रसिद्ध केले. त्यामुळे ग्रंथ मराठीबाहेर गेला, त्याची मोठ्या प्रमाणावर चर्चा झाली, हे स्वागतार्हच आहे. तथापि शीर्षकाच्या बदलात काही हरवले. मराठी शीर्षक हा युक्तिवाद आहे. इंग्रजी शीर्षक ही नोंदवहीतील जागा आहे. पहिले श्लोक म्हणणाऱ्या वाचकाला अडवते, दुसरे जिज्ञासू वाचकाला आत बोलावते. पाहुणा म्हणून आत आलेला वाचक चव घेऊन परत जाऊ शकतो. ‘अ’ने अडविलेल्या वाचकाला मात्र स्वत:च्या ताटाकडे पाहावे लागते. अर्थात श्लोकाचा संदर्भच नसलेल्या वाचकासाठी दुसरा कोणता मार्ग होता, हेही मान्य करावयास हवे.

ग्रंथ अभ्यासक्रमात आणण्याचा विचार करणाऱ्या अध्यापकांपुढे अधिक नाजूक प्रश्न उभा राहतो. ग्रामीण महाविद्यालयाच्या बी.ए.च्या वर्गात विद्यार्थी कोणत्या घरांतून येतात, हे सर्वांना ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. ‘तुमच्या घरी हे खात होते काय?’ असा प्रश्न उत्साहाच्या भरात विचारला गेला, तर तो प्रश्न म्हणजे जात सांगण्याची सक्ती ठरते. एका बाकावर हशा पिकतो, दुसऱ्या बाकावर मान खाली जाते. महाडला ज्यांच्या पणजोबांनी घास टाकला, त्यांच्या पणतूला तो घास भर वर्गात पुन्हा हातात घ्यावा लागू नये, ही काळजी पाठ्यपुस्तक घेत नाही. ती शिकविणाऱ्याने घ्यावयाची असते. म्हणून प्रश्न उलट्या दिशेने विचारणे बरे. वर्गातील प्रत्येकाने, मग तो कोणत्याही घरचा असो, आपल्या घरात पूर्वी होत असे व आता होत नाही असा एक पदार्थ लिहावा, तो कोण करीत असे हे लिहावे, आणि तो सोडला, सुटला की सोडवला गेला, हे घरातील थोरांना विचारून यावे. ज्याला लिहावयाचे नाही त्याने लिहू नये. ज्वारीच्या कण्या आणि चान्या अशा रीतीने एकाच वहीत येतील, आणि कोणाचे पान कोणाचे आहे हे कळण्याआधी त्यातील मीठ, मिरची व विस्तव यांची चर्चा करता येईल.

अशा वह्यांतून बरीच नावे येतील. काही पदार्थांना प्रमाण मराठीत नावच नसल्याचे ध्यानात येईल, आणि विद्यार्थी विचारील की हा शब्द वहीत कसा लिहावयाचा. पाटोळे यांनी तो घरात बोलत तसाच लिहिला.